ऑल-इन-वन संगणक लॅपटॉपला मॉनिटर म्हणून जोडायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन घरून करते. काम लॅपटॉपवर, स्क्रीन १५.६ इंची. एका बाजूला लेखकाच्या हस्तलिखिताचं स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला जुळवलेलं पान उघडलं की दोन्ही इतकी बारीक होतात की सतत मोठं-लहान करत बसावं लागतं. आता दिवाळी अंकांची कामं सुरू झाली आहेत आणि संध्याकाळपर्यंत डोळे अक्षरशः चुरचुरतात.

घरात २०१७ साली मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला एक ऑल-इन-वन (स्क्रीनच्या आतच सगळा संगणक असलेला) आहे. २३.८ इंची फुल एचडी स्क्रीन, सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतो. प्रोसेसर जुना असल्यामुळे त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेची अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे तो कापड टाकून कोपऱ्यात ठेवला होता. पण स्क्रीन अजून नव्यासारखी आहे. एक ठिपका मेलेला नाही, कडेने उजेड झिरपत नाही, पांढरा रंग पिवळा पडलेला नाही. म्हटलं नवा मॉनिटर कशाला घ्यायचा, हाच लॅपटॉपला जोडू.

मागे एचडीएमआयचं पोर्ट आहे. दुकानात विचारलं, तर "केबल टाका, होईल" असं सांगितलं. केबल आणली, जोडली. काहीच नाही. लॅपटॉपला दुसरी स्क्रीन दिसतच नाही. विंडोज आणि पी दाबून चारही पर्याय पाहिले. केबल खराब असेल म्हणून शेजारच्या टीव्हीला लावून पाहिली, तिथे चित्र लगेच आलं. पुन्हा दुकानात गेले, तेव्हा उत्तर मिळालं की "मग मशीनमध्ये प्रॉब्लेम असेल, सोडून जा." मशीनमध्ये कसलाही बिघाड नव्हता आणि विकणाऱ्याला हे माहीत असायला हवं होतं. मला खरा राग त्याचा आला.

नंतर वाचून-विचारून कारण कळलं. ते पोर्ट बाहेर जाणारं आहे, म्हणजे ऑल-इन-वनचं चित्र टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर न्यायचं असेल तर. लॅपटॉपचंही बाहेर जाणारंच. दोन्हीकडून चित्र पाठवायला तयार, घेणारं कुणीच नाही. सुट्या मॉनिटरमध्ये आलेला सिग्नल घेऊन तो पॅनेलला (म्हणजे प्रत्यक्ष चित्र दाखवणाऱ्या भागाला) समजेल असा करणारं एक वेगळं सर्किट असतं. माझ्या मशीनमध्ये ते नाहीच, पॅनेल आतल्या चपट्या केबलने थेट मदरबोर्डला जोडलेलं आहे. पोर्ट दिसायला मात्र हुबेहूब तसंच, त्यावर फक्त "एचडीएमआय" लिहिलेलं.

मग तीन उपाय करून पाहिले.

पहिला वायरलेस. ऑल-इन-वनवर विंडोजच्या ऑप्शनल फीचर्समधून "वायरलेस डिस्प्ले" उतरवून घेतलं, "प्रोजेक्टिंग टू धिस पीसी" चालू केलं, लॅपटॉपवर विंडोज आणि के दाबलं. जोडलं गेलं! मला फार आनंद झाला. पण माउस हलवला की बाण मागून येतो आणि मुख्य म्हणजे अक्षरं. वाय-फायवरून जाताना चित्र दाबलं जातं, त्यात बारीक तपशील पुसट होतात. सिनेमा बघणाऱ्याला ते जाणवणार नाही. माझं सगळं काम रफार, अनुस्वार आणि वेलांटीचं आहे. १० पॉइंटच्या मजकुरात अनुस्वार आहे की नाही हे दोनदा वाकून बघावं लागत असेल तर तिथे प्रूफ वाचता येत नाही. लाल रंगातल्या दुरुस्त्या तर आणखीच पसरट दिसतात.

दुसरा, एचडीएमआयचं चित्र यूएसबीतून आत घेणारं छोटं कॅप्चर कार्ड. एका ओळखीच्यांकडून दोन दिवसांसाठी आणलं. ते यूएसबी २.० चं आहे, फुल एचडी चित्र सेकंदाला ३० फ्रेम्सने आणि दाबूनच देतं. ऑल-इन-वनवर ते वेबकॅमसारखं दिसतं, व्हीएलसीमध्ये उघडून पूर्ण स्क्रीन करायचं. चित्र स्थिर, पण अक्षरांची अडचण तीच.

तिसरा, नेटवर्कवरून स्क्रीन वाढवणारं एक मोफत सॉफ्टवेअर, तेही राउटरला दोन्हीकडून लॅन केबल लावून. तिघांत हे बरं. पण लॅपटॉप थोडा वेळ झोपला की जोडणी तुटते, आणि बिचारा जुना प्रोसेसर फक्त चित्र दाखवण्यातच दमतो.

आता जाणकारांना प्रश्न. पॅनेल मदरबोर्डपासून सोडवून त्याला बाहेरचा कंट्रोलर बोर्ड (वर म्हटलेलं सिग्नल घेणारं सर्किट) लावला तर तो खराखुरा मॉनिटर होतो असं ऐकलंय. कुणी स्वतः केलंय का? स्क्रीनला धोका किती? की हा नाद सोडून नवा मॉनिटर घ्यावा? खर्चापेक्षाही, एवढी चांगली स्क्रीन भंगारात द्यायची माझी तयारी होत नाही.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, आधी एक खात्री करा. काही ऑल-इन-वनना खरोखर एचडीएमआय-इन असतं. पोर्टजवळ "इन" लिहिलेलं असतं किंवा आत जाणारा बाण असतो, आणि बऱ्याचदा कडेला किंवा खाली सोर्स बदलायचं बटण असतं. मॉडेल क्रमांक टाकून मॅन्युअलमध्ये बघा.

माझ्याकडे २०१३ चा आयमॅक (अ‍ॅपलचा ऑल-इन-वन) आहे, तो वर्षानुवर्षं मॉनिटर म्हणून वापरला. २००९ च्या अखेरीच्या २७ इंची मॉडेलपासून २०१४ च्या मध्यापर्यंतच्या आयमॅकमध्ये टार्गेट डिस्प्ले मोड, म्हणजे दुसऱ्या संगणकाचा मॉनिटर व्हायची सोय होती. योग्य केबल लावून कमांड आणि एफ-टू दाबलं की झालं. २०१४ च्या शेवटी ५के स्क्रीन आली आणि ही सोय गेली. ५१२० बाय २८८० एवढं चित्र ६० हर्ट्झने नेणं तेव्हाच्या एका डिस्प्लेपोर्ट जोडणीच्या आवाक्यात नव्हतं.

प्रतिसाद २

मी केलंय, दोन मशीनवर. होतं, पण घाई करू नका. आधी मागचं झाकण काढून पॅनेलच्या पाठीवरचं लेबल बघा. मशीनचं मॉडेल नाही, पॅनेलचा क्रमांक. त्यावरून कळतं की केबल एलव्हीडीएस आहे की ईडीपी (पॅनेल जोडायच्या दोन पद्धती), किती पिनांची, आणि पॅनेलला किती व्होल्ट लागतात. बोर्ड त्या क्रमांकासाठीच मागायचा. सर्वसाधारण बोर्डावर ३.३, ५ आणि १२ व्होल्टचा जंपर (व्होल्ट निवडायची छोटी टोपी) असतो, तो चुकला तर पॅनेल जळू शकतं. बॅकलाइटची (स्क्रीनमागच्या दिव्यांची) जोडणीही वेगळी तपासावी लागते. वेबकॅम आणि स्पीकर आपोआप चालणार नाहीत. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, पण क्रमांक हातात असल्याशिवाय जाऊ नका.

प्रतिसाद ३

तुमच्या कामाला ती लॅपटॉपचीच दुसरी स्क्रीन असायला हवी का? हस्तलिखिताचं स्कॅन ऑल-इन-वनवरच उघडा. दोन्हीकडे मायक्रोसॉफ्टचं माउस विदाउट बॉर्डर्स टाका (आता त्यांच्याच पॉवरटॉइज या मोफत संचातही मिळतं), म्हणजे लॅपटॉपचाच माउस आणि कीबोर्ड दोन्हीकडे चालेल. चित्र नेटवर्कवरून जातच नाही, त्यामुळे अक्षरं जशी आहेत तशी दिसतील. त्या मशीनवर बँक, ईमेल वगैरे काही उघडू नका म्हणजे झालं. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकलीत तर सुरू व्हायचा वेळही खूप कमी होईल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅन्युअल शोधून पाहिलं, माझं पोर्ट बाहेर जाणारंच आहे, त्यामुळे ती आशा संपली.

तिसरा प्रतिसाद वाचून काल रात्रीच करून पाहिलं. मी आठवडाभर चित्र एकीकडून दुसरीकडे नेण्याच्याच मागे लागले होते, स्कॅन तिथेच उघडावं हे सुचलंच नाही. आज सकाळी एका कथेची बावीस पानं वाचली. हस्तलिखित मोठ्या स्क्रीनवर, पान लॅपटॉपवर, आणि बाण एकातून दुसऱ्यात सहज जातो. अनुस्वार लख्ख दिसतात. या मोसमाची सोय झाली.

एक गोष्ट मात्र राहते. जुळवलेलं पान मला मोठ्या स्क्रीनवर हवं असतं, कारण जोडपान एकत्र बघायचं असतं, आणि माझं जुळणीचं सॉफ्टवेअर त्या मशीनवर चालण्यासारखं नाही. म्हणून दिवाळीनंतर कंट्रोलर बोर्डाचा विचार पक्का आहे. दुसरा प्रतिसाद देणाऱ्या दादांना विचारते: झाकणाला खाली दोन स्क्रू दिसताहेत, बाकी सगळं क्लिपांवर आहे. सुरुवात खालच्या कडेने करायची की स्टँड आधी काढायचा? आणि काचेपर्यंत ताण जाऊ नये म्हणून मशीन पालथं ठेवताना खाली काय घेतलं होतंत?