केबिनमधून बाहेर या आधी

काही जण म्हणतात की जहाजावर रेडिओला नुसती खरखर, नेणं फुकट. फुकट कसं? केबिन म्हणजे पत्र्याची पेटीच, आत काय लागणार! डेकवर दिव्यांपासून लांब, कठड्याशी जायचं.

मीडियम वेव्हला (आकाशवाणीची जुनी केंद्रं लागतात त्या रेडिओलहरींना) खारं पाणी फार मानवतं. मीठ असल्यानं त्यातून वीज चांगली वाहते, म्हणून लहर जमिनीपेक्षा कमी विरते. आमच्या परभणीत भरदुपारी मुंबई आकाशवाणीचं ५५८ किलोहर्ट्झवरचं केंद्र कधी धड लागलं नाही. काही वर्षांपूर्वी गोव्याच्या जहाजावर, रत्नागिरीच्या आसपास, भरदुपारीच खणखणीत! (बायको म्हणे, एवढे पैसे मोजून बातम्याच ऐकायच्या होत्या का.) आणि अँटेना ओढत बसू नका, ती एफएम-शॉर्टवेव्हची. मीडियम वेव्हची अँटेना म्हणजे आतली फेराइटची (चुंबकी पदार्थाची) कांडी, म्हणून अख्खा ट्रान्झिस्टरच हळूहळू फिरवायचा.