टी-३४ रणगाड्याचं रोड व्हील: रबर न सुटता क्लोराइड (गंज वाढवणारा मिठातला अंश) कसं काढावं? मदत हवी आहे

बाल्टिक किनाऱ्याजवळच्या खाऱ्या दलदलीतून निघालेलं, रणगाड्याच्या पट्ट्यावर धावणारं चाक आहे, पोलादी तबकड्या आणि कडेला चिकटवलेली जाड रबरी धाव. उत्खनन परवाना, बॉम्बनाशक पथकाची तपासणी झाली आहे. चाक सुकू दिलेलं नाही. २ टक्के कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवलंय, द्रावण बदलत राहतो. तरी नमुना नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरा साका येतोच, म्हणजे क्लोराइड अजून निघतंय. बोल्टांच्या खोबणींतला गंज सर्वांत हट्टी.

क्लोराइड काढायची दुसरी पद्धत, अल्कलाइन सल्फाइटचं द्रावण, तिला साधारण ६० अंश सेल्सिअस उष्णता लागते, रबरासाठी ती नकोच. इलेक्ट्रोलिसिसमध्ये, म्हणजे द्रावणातून वीज सोडून क्लोराइड काढण्यात (अ‍ॅनोड, म्हणजे धन टोक, साध्या पोलादाचा, स्टेनलेस नाही) भीती हायड्रोजनची: चाकावर सुटणारे बुडबुडे रबर-पोलादाच्या जोडात शिरून धाव उचलतील. धाव मूळची आहे, कापायची नाही.

असा रबर जोडलेला भाग कुणी इलेक्ट्रोलिसिसने हाताळलाय का? दर चौरस सेंटिमीटर किती मिलिअँपिअरपर्यंत जोड टिकला?