आदामपासून बेरीज: ४००४, १८४४, १९१४ हे आकडे येतात कुठून?

ओळंबा (प्रश्न)

शेवटल्या काळाबद्दल मराठीत जे तक्ते फिरतात, त्यांत साधारण एकच मांडणी असते: आदाम ते ख्रिस्त ४००० वर्षे, ख्रिस्तापासून पुढे २०००, आणि सातवे सहस्रक म्हणजे ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य. आधार २ पेत्र ३:८ आणि स्तोत्र ९०:४ यांचा, म्हणजे प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा.

उत्पत्ती ५ ची बेरीज करून पाहिली. आदाम ते जलप्रलय १६५६ वर्षे, इथवर ठीक. पुढे तेरहपाशी गाडी अडते: काही तक्त्यांत ६० वर्षे जास्त धरलेली दिसतात. दुसरे असे की दानीएल ८:१४ मधल्या २३०० (पवित्रस्थान शुद्ध होईपर्यंतचे दिवस, वर्षे म्हणून धरलेले) मधून इ.स.पू. ४५७ वजा केले तर १८४३ उरतात, मग सगळे १८४४ का म्हणतात? आणि मुळात एकाच बायबलमधून इतकी वेगवेगळी वर्षे निघतातच कशी? श्रद्धा खरी की खोटी हा वाद इथे नको, आकडेमोड कुणी समजावून सांगेल का?

---

जुनाकरार

तेरहपासून सुरुवात करू. उत्पत्ती ११:२६ म्हणते, तेरह ७० वर्षांचा झाल्यावर त्याला अब्राम, नाहोर आणि हारान झाले. सरळ वाचले तर जलप्रलयापासून अब्रामाच्या जन्मापर्यंत २९२ वर्षे भरतात: शेमची २, मग ३५, ३०, ३४, ३०, ३२, ३०, २९ आणि तेरहची ७०. पण ११:३२ प्रमाणे तेरह २०५ व्या वर्षी मेला, १२:४ प्रमाणे अब्राम हारानातून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता, आणि प्रेषितांची कृत्ये ७:४ सांगते की बाप मेल्यावर तो निघाला. २०५ उणे ७५ म्हणजे १३०. म्हणून ७० च्या जागी १३० धरतात, आणि तिघांत अब्रामाचे नाव पहिले असले तरी तो थोरला नव्हता असे मानतात. तुमची ६० वर्षे ती हीच.

आर्मा इथले आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली हिशेब छापला, त्यात १३० च आहेत. त्यांच्या पद्धतीने पुढे चला. १६५६ अधिक ३५२ म्हणजे २००८, हे अब्रामाचे जन्मवर्ष. त्यात ७५ मिळवा. तिथून निर्गमापर्यंत (मिसर सोडेपर्यंत) ४३० (गलतीकरांस ३:१७ प्रमाणे अब्राहामाला दिलेल्या वचनापासून मोजलेली, नुसत्या मिसरातल्या मुक्कामाची नव्हेत). पुढे १ राजे ६:१: निर्गमानंतर ४८० व्या वर्षी, शलमोनाच्या चौथ्या वर्षी मंदिराचा पाया पडला. इथे ४७९ मिळवायची, कारण ४८० वे वर्ष चालू आहे, संपलेले नाही. पहिल्यांदा बेरीज करणारे बहुतेक इथेच एक वर्ष जास्त धरतात.

एवढे करूनही इसवी सनाशी धागा जुळत नाही. आदामाकडून कितीही पुढे आलात तरी 'इ.स.पू.' लिहायला बाहेरची खुंटी लागते. अशर यांनी ती २ राजे २५:२७ मध्ये घेतली: यहोयाखीनच्या बंदिवासाचे ३७ वे वर्ष म्हणजे बाबेलमध्ये नबुखद्नेस्सर मरून अवील-मरोदख गादीवर आला ते वर्ष, इ.स.पू. ५६२. तिथून मागे मोजत गेले की निर्गम १४९१, अब्रामाचा जन्म १९९६ आणि निर्मिती ४००४. मंदिर पूर्ण झाले १००४ मध्ये, म्हणजे निर्मितीनंतर बरोबर ३००० वर्षांनी, आणि हेरोदाच्या मृत्यूचे वर्ष इ.स.पू. ४ असल्याने त्यांनी ख्रिस्तजन्मही तिथेच धरला. इतके गोल आकडे आपोआप पडले असतील असे मला वाटत नाही. तरी अशर हे काही हौशी ज्योतिषी नव्हते, त्या काळातला हा सगळ्यांत अभ्यासू हिशेब होता. १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात ही वर्षे छापली जाऊ लागली आणि वाचकांना ती शास्त्रवचनाचाच भाग वाटू लागली.

---

सत्तरीवाला

वरच्या उत्तरात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे हिब्रू (मासोरेटिक) पाठ. ग्रीक सेप्टुआजिंट (जुन्या कराराचे ख्रिस्तपूर्व काळातले भाषांतर) घेतलात तर जलप्रलयाचे वर्ष १६५६ नाही, २२४२ येते. शोमरोनी (समरिटन) लोकांच्या पाठात १३०७.

फरक कसा पडतो तो आदामावरच बघा. हिब्रूत १३० व्या वर्षी शेथ झाला, पुढे ८०० वर्षे जगला, एकूण ९३०. ग्रीकमध्ये २३० व्या वर्षी शेथ, पुढे ७००, एकूण तेच ९३०. असे शेथ, अनोश, केनान, महललेल आणि हनोख यांनाही शंभर शंभर जास्त आहेत. सहा जणांचे ६००, लामेखचे ६ जास्त, मथुशलहचे २० कमी: ५८६ चा फरक. आयुष्याची बेरीज जुळते म्हणजे कुणीतरी विचार करून आकडे हलवले आहेत, नकलनविसाची ही डुलकी नव्हे. कुणी हलवले, हिब्रूवाल्यांनी की ग्रीकवाल्यांनी, यावर आजही एकमत नाही.

पण मथुशलहच्या त्या २० मुळे ग्रीक पाठाची पंचाईत होते. १२८७ मध्ये जन्म, आयुष्य ९६९, म्हणजे मृत्यू २२५६ मध्ये. जलप्रलय २२४२ ला. तारवात तर तो नव्हता, मग ही १४ वर्षे गेला कुठे? काही ग्रीक हस्तलिखितांत म्हणून १६७ च्या जागी १८७ केले आहे, तेव्हा जलप्रलय २२६२ ला जातो. हिब्रूत तो नेमका १६५६ सालीच मरतो.

उत्पत्ती ११ मध्येही तेच: हिब्रूत २९२, ग्रीकमध्ये १०७२. तिथे केनान नावाचा एक जास्तीचा पूर्वज १३० वर्षे घेऊन बसला आहे, आणि तो लूक ३:३६ मध्येही आहे. त्यामुळे 'आमचा तक्ता फक्त बायबलवर' म्हणणाऱ्याला लूकचा केनान कुठे ठेवलास एवढे विचारून बघा.

याचे परिणाम कागदावर राहिले नाहीत. बायझंटाईन चर्चने ग्रीक आकड्यांवरून निर्मिती इ.स.पू. ५५०९ च्या १ सप्टेंबरला धरली. त्या हिशेबाने ७००० वे वर्ष १४९२ च्या ऑगस्टअखेर संपत होते. मॉस्कोत पुनरुत्थानाच्या सणाच्या तारखांचे तक्तेच तिथवर केले होते, पुढचे कशाला करायचे म्हणून. वर्ष उलटले आणि तिथले प्रमुख धर्मगुरू मेट्रोपॉलिटन झोसिमा यांना पुढचे तक्ते करून घ्यावे लागले. हीच वर्षगणना रशियात १७०० पर्यंत वापरात होती.

---

खुंटी_कुठे

१८४३ आणि १८४४ चे उत्तर सोपे आहे. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून इ.स.पू. चे वर्ष अधिक इ.स. चे वर्ष उणे १ असा हिशेब. ४५७ + १८४४ − १ = २३००. आपल्या शकातल्या 'गत' आणि 'वर्तमान' वर्षांसारखीच ही गफलत. याच सूत्राने अशर यांची ६००० वर्षे ऑक्टोबर १९९७ मध्ये भरली, तेव्हा तुमच्या तक्त्यातली 'पुढे २०००' ही मुदत कधीच टळून गेली.

४५७ हे एज्रा ७ मधले, पर्शियाच्या अर्तहशश्त राजाच्या सातव्या वर्षीचे फर्मान. 'एक दिवस म्हणजे एक वर्ष' हे गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ वरून. न्यूयॉर्क राज्यातले बॅप्टिस्ट शेतकरी विल्यम मिलर यांनी सरळ वजाबाकी करून ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी आधी मार्च १८४३ ते मार्च १८४४ असा काळ सांगितला होता. तो टळल्यावर सॅम्युएल स्नो यांनी शून्य वर्षाची दुरुस्ती लावून आणि प्रायश्चित्ताचा दिवस (सातव्या महिन्याची दहावी तिथी) कराईत या यहुदी पंथाच्या पंचांगाने धरून २२ ऑक्टोबर १८४४ काढला. रब्बींच्या पंचांगाने तो दिवस महिनाभर आधीच, २३ सप्टेंबरला, होऊन गेला होता. २२ तारीख गेली, त्याला 'मोठी निराशा' म्हणतात. यातल्या एका गटाने म्हटले की तारीख बरोबर, घटना ओळखण्यात चूक: शुद्ध व्हायचे ते पवित्रस्थान पृथ्वीवरचे नव्हे, स्वर्गातले. यातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. पुण्यात औंधला स्पायसर विद्यापीठ आहे ते याच मंडळीचे.

आता १९१४ बघा, ख्रिस्ताचे स्वर्गातले राज्य सुरू झाले असे यहोवाचे साक्षीदार हा पंथ मानतो ते वर्ष. दानीएल ४ मधले 'सात काळ'. प्रकटीकरण १२ मध्ये साडेतीन काळ म्हणजे १२६० दिवस, म्हणून सात म्हणजे २५२०. सुरुवात यरुशलेमच्या नाशापासून. या पंथाचा पाया घालणारे चार्ल्स रसेल यांनी सुरुवातीचे वर्ष इ.स.पू. ६०६ धरले: ६०६ + १९१४ = २५२०, शून्य वर्ष विसरून. चूक ध्यानात आल्यावर यहोवाच्या साक्षीदारांनी १९१४ ला हात लावला नाही, सुरुवात ६०७ वर नेली. मिलरवाद्यांनी हीच चूक दुरुस्त करताना शेवट पुढे ढकलला होता. चूक एक, दुरुस्त्या उलट्या. ज्याला जे टोक टिकवायचे, ते जागेवर राहते. तक्ता कुणाचाही असो, कुठले टोक हलू दिलेले नाही ते आधी बघावे, बेरीज मागाहून तपासावी.

६०७ वर दुसरा आक्षेप जास्त जड आहे. बाबेलची एक खगोलनोंदींची मातीची पाटी (व्हीएटी ४९५६) नबुखद्नेस्सरचे ३७ वे वर्ष इ.स.पू. ५६८ मध्ये बसवते. मग यरुशलेम पडले ते त्याचे १८ वे-१९ वे वर्ष ५८७ किंवा ५८६ ला येते. वीस वर्षांची तफावत शून्य वर्षाने भरून निघत नाही.

उलट नमुनाही आहे. अमेरिकन रेडिओ उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी जलप्रलय इ.स.पू. ४९९० ला धरून न्यायाचा दिवस २१ मे २०११ सांगितला. ४९९० + २०११ − १ = ७०००. शून्य वर्ष अगदी बरोबर हाताळले होते. खुंटीच हवेत ठोकलेली.

---

ओळंबा

आता उलगडा झाला. मग दानीएल ९ मधली ७० सप्तके (७० × ७ वर्षे)? तिथे ३६० दिवसांचे वर्ष कुठून येते?

---

जुनाकरार

प्रकटीकरण ११ मध्ये ४२ महिने आणि १२६० दिवस शेजारी शेजारी आहेत, म्हणजे महिना ३० दिवसांचा. उत्पत्ती ७ आणि ८ मध्येही पाच महिन्यांचे १५० दिवस. त्यावरून रॉबर्ट अँडरसन यांनी ६९ सप्तके म्हणजे ४८३ वर्षे × ३६० = १,७३,८८० दिवस केले, नहेम्या २ मधल्या फर्मानापासून: १४ मार्च इ.स.पू. ४४५ ते ६ एप्रिल इ.स. ३२, ख्रिस्ताचा यरुशलेम प्रवेश. ऐकायला भारी वाटते. पण तारखा ज्युलियन आणि लीप दिवस मात्र ग्रेगरियन हिशेबाने ११६ घेतलेले. ज्युलियनने ११९ हवेत, म्हणून तीन दिवस जास्त भरतात. शिवाय इ.स. ३२ मध्ये निसान १४ (वल्हांडणाची तिथी, तिच्याच आसपास ख्रिस्ताला वधस्तंभी दिले) चांद्रगणिताने रविवार-सोमवारकडे पडतो, गुरुवार-शुक्रवारी नाही. म्हणून हॅरल्ड होनर यांनी दोन्ही टोके वर्षभर पुढे सरकवून ४४४ ते ३३ केले. मूळ अडचण तशीच: यहुदी लोक दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालत, त्यामुळे ४८३ वर्षे सलग ३६० दिवसांची कुणी प्रत्यक्षात मोजलीच नव्हती. ४५७ पासून साधी सौर वर्षे घेतली तर ४८३ वर्षे इ.स. २७ ला संपतात. ॲडव्हेंटिस्ट तिथे ख्रिस्ताचा बाप्तिस्मा ठेवतात.

---

सत्तरीवाला

बहुतेक विद्यापीठीय अभ्यासक यातले काहीच करत नाहीत, हेही नोंदवून ठेवा. ते '२३०० संध्याकाळ-सकाळ' म्हणजे सांजसकाळची होमार्पणे, म्हणून ११५० दिवस, असे वाचतात आणि सिरियाच्या चौथ्या अँटायोकस राजाने इ.स.पू. १६७ मध्ये मंदिर भ्रष्ट केले तिथपासून १६४ च्या शुद्धीकरणापर्यंत लावतात. तेही नेमके बसत नाही, डिसेंबर ते डिसेंबर तीन वर्षे १०९५ च्या आसपास होतात.

कॅथलिक परंपरेत ऑगस्टिनपासून हजार वर्षे हा चर्चचा चालू काळ मानला जातो. वसईच्या चर्चमध्ये आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी द्वितीयागमनाचेच शुभवर्तमान वाचतात, पण साल कुणी काढत नाही, 'तो दिवस कुणालाच ठाऊक नाही' हे मत्तय २४:३६ पुढ्यात असताना काढणार तरी कसे? रागावलेल्या मंडळींनी मला उत्तर देण्याआधी नाहोरच्या ओळीत २९ लिहिले आहे की ७९ तेवढे सांगावे, म्हणजे कुठल्या पाठावर बोलतो आहोत ते कळेल.