हेंज, लाँग बॅरो, पॅसेज ग्रेव्ह: फरक काय?

दगडधोंडे: नवाश्मयुगातलं (अश्मयुगाचा शेवटचा, शेतीचा काळ) काहीही बघितलं की मला सगळं इंग्लंडमधलं ते दगडांचं वर्तुळ, स्टोनहेंजच वाटतं 😅 ओळखायचं कसं?

खणखण: दगड बघूच नकोस. हेंज म्हणजे मातीचा गोल बांध आणि त्याच्या आत खंदक, दगड असले तर असले. गंमत म्हणजे स्टोनहेंजला खंदक बाहेर आणि मुख्य बांध आत, म्हणजे ज्याच्यावरून नाव पडलं तेच व्याख्येत बसत नाही. इंग्लंडमधलंच एव्हबरीचं हेंज बघ, ते बरोबर बसतं.

मातीचा_ढीग: बाकीची दोन थडगी आहेत. लाँग बॅरो म्हणजे लांबट ढिगारा, इंग्लंडमधल्या वेस्ट केनेटचा तर जवळपास १०० मीटर पण दगडी खोल्या फक्त पूर्वेच्या टोकाला, आणि आत बऱ्याच जणांची हाडं एकत्र मिसळलेली. पॅसेज ग्रेव्हमध्ये ढिगाऱ्याच्या पोटात बोळ नि शेवटी खोली. आयर्लंडचं न्यूग्रेंज, इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं, डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवसांत सूर्योदयाचा उजेड दारावरच्या झरोक्यातून थेट आतल्या खोलीत जातो, भारीच!

दगडधोंडे: मग हेंजमध्ये माणसं पुरायचे नाहीत?

खणखण: तसंही नाही रे, स्टोनहेंजच्या बांधाच्या आत गोलाकार खणलेल्या ५६ खड्ड्यांपैकी (त्यांना ऑब्री खड्डे म्हणतात) बऱ्याच खड्ड्यांत जाळलेली हाडं निघालीयेत.