चौथ्या डाऊनला चेंडू देऊन का टाकतात?

प्रश्न: अमेरिकन फुटबॉलमध्ये १० यार्डांसाठी चार संधी (म्हणजे डाऊन) असतात ना? मग चौथ्या वेळी लाथ मारून चेंडू समोरच्यांना का देतात?

उत्तर १: जागेसाठी. स्वतःच्या २० यार्ड रेषेवर चौथा डाऊन फसला, तर चेंडू तिथेच त्यांच्या हाती आणि टचडाऊनला (चेंडू गोलरेषेपलीकडे नेण्याला) उरले फक्त २० यार्ड! पंट मारला, म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवला, की तेच अंतर साठच्या आसपास जातं.

उत्तर २: पलीकडच्या ३० यार्ड रेषेवर असाल तर फील्ड गोल मारा, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून घालवा: ३ गुण. अंतरात १७ मिळवायचे: खांब गोलरेषेमागे १० यार्डांवर, शिवाय चेंडू साधारण ७ यार्ड मागे टेकवतात. म्हणजे ४७ यार्डांची किक. एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) ती हुकली तर त्यांना चेंडू किकच्या जागेवरून मिळतो, म्हणजे तेवढे ७ यार्डही गेले.

उत्तर ३: एकच यार्ड हवा असेल तर मात्र बिनधास्त खेळा. क्वार्टरबॅक (डाव चालवणारा खेळाडू) सेंटरच्या, म्हणजे त्याला चेंडू देणाऱ्या खेळाडूच्या, पाठीमागून थेट घुसतो.