यूके मेडिसिन: कॉन्टेक्स्च्युअल ऑफरसाठी (घरची-शाळेची परिस्थिती बघून मिळणाऱ्या सवलतीच्या प्रवेशासाठी) कुठे अर्ज करावा?

हाउन्स्लोची आई:
लेक इयर १२ मध्ये (शाळेचं शेवटून दुसरं वर्ष), सरकारी शाळेत. आम्हाला आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) आहे. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून युनिव्हर्सल क्रेडिटवर (सरकारी भत्त्यावर) चाललंय, लेकीला फ्री स्कूल मील्स (शाळेत मोफत जेवण) मिळतात. शाळेतून मेडिसिनला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही, मग विचारायचं कुणाला? माझं बीकॉम अकोल्याचं, ते धरतात का?

अर्धापुणेकर:
धरतात हो. यूकॅसच्या (विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जाच्या) फॉर्मवर आईवडिलांपैकी कुणी उच्च शिक्षण घेतलंय का, एवढंच विचारतात. म्हणजे 'घरातली पहिली पदवीधर' हा मुद्दा गेला. फ्री स्कूल मील्स मात्र तुमचा हुकमाचा एक्का. पोस्टकोडच्या भरवशावर राहू नका. पोलार हे पोस्टकोडवरून ठरणारं मोजमाप फक्त त्या भागातली किती मुलं उच्च शिक्षणाला जातात ते बघतं, आणि लंडनमध्ये हलाखीतल्या घरांतलीही खूप जातात. त्यामुळे आपल्या घरांचे पोस्टकोड बहुतेक वरच्या गटात पडतात, म्हणजे सवलत नाही. आयएमडी हे दुसरं मोजमाप त्या भागातली वंचितता मोजतं, ते बघणारी विद्यापीठं आधी शोधा. कुठे ग्रेड कमी करतात, कुठे यूकॅटमध्ये (मेडिसिनच्या प्रवेश परीक्षेत) सवलत, कुठे फक्त इंटरव्ह्यूपर्यंत नेतात. प्रत्येकाचं पान नीट वाचायचं, दुसरा इलाज नाही.

लेस्टरकर:
गेटवे कोर्सही बघा (अशाच मुलांसाठीचा, एक वर्ष जास्तीचा मेडिसिनचा कोर्स), ती वेगळी वाट आहे. किंग्ज कॉलेज लंडनचा ईएमडीपी हा असा कोर्स २००१ पासून चालू आहे. इंग्लंडमधल्या नॉन-सिलेक्टिव्ह (प्रवेश परीक्षा न घेणाऱ्या) सरकारी शाळांतल्या मुलांसाठीच, पहिल्या वर्षाचा अभ्यास दोन वर्षांत. साउथॅम्प्टनचा बीएम६ हा गेटवे पण सहा वर्षांचा. पुतण्या तिथूनच शिकला, "एक वर्ष वाया" म्हणणारे नातेवाईक आता त्यालाच गोळ्या विचारतात! मेडिसिनला चारच पर्याय भरता येतात. मी दोन गेटवे, दोन पाच वर्षांचे भरले असते.

स्वाती_रेडिंग:
आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत. मुलाला ही सवलत चालेल?

अर्धापुणेकर:
बहुतेक नाही. त्याची फी सहसा आंतरराष्ट्रीय लागेल, आणि ही सवलत सहसा होम (स्थानिक फी भरणाऱ्या) विद्यार्थ्यांनाच असते. आयएलआर झाल्यावर बघा.

लेस्टरकर:
हाउन्स्लोताई, यूकॅटची बर्सरी (फीसाठीची मदत) विसरू नका. फ्री स्कूल मील्स असतील तर परीक्षेची पूर्ण फी माफ होते, शाळेकडून पत्र घ्या. आणि आपल्या सवयीप्रमाणे महागडा क्लास लावू नका, यूकॅटच्या साइटवर सराव फुकट आहे. अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, पण शाळेची आतली तारीख त्याच्या बरीच आधी असते.

हाउन्स्लोची आई:
ईएमडीपीत हिची शाळा बसतेय! बीएम६ चे निकष रात्री तिच्यासोबत बघते. पत्राचं उद्याच शाळेत विचारते.