मदत हवी आहे : जुन्या रिव्हॉल्वरची मेन स्प्रिंग (घोडा म्हणजे हॅमर आपटवणारी पट्टी) किती ताकदीची ते मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी उदगीरकडचा, लातूरला छोटं लेथचं वर्कशॉप आहे. आमच्या घरात पणजोबांपासूनचं कोल्टचं १८५१ नेव्ही रिव्हॉल्वर आहे, कॅप (ठोक्यानं पेटणारी छोटी टोपी) लावून वाजवायचं, पोलीस ॲक्शनच्या आधीपासूनचं, लायसन आता बाबांच्या नावावर. बॅरलवर लंडनचा पत्ता आहे, म्हणजे बहुतेक कोल्टच्या लंडनच्या कारखान्यातलं, आणि तो कारखाना चाललाच १८५३ ते १८५६.

मागच्या महिन्यात लायसनवाल्या कारागिराकडं साफ करायला दिलं. त्यानं दारू न भरता नुसत्या कॅपा लावून बघितल्या, सहातल्या दोन पहिल्या ठोक्याला वाजल्याच नाहीत, परत घोडा पाडला तेव्हा वाजल्या. तो म्हणायला स्प्रिंग बसलीय, जाड पट्टी घडवून टाकू. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही, कारण स्प्रिंग खरंच ढिली असली तर कॅप फुटल्यावर निपलातून (कॅप जिच्यावर बसते ती बारीक नळी) मागं आलेला दाब घोडा उचलतो आणि कॅपचे तुकडे आत अडकतात. पण ही पट्टी पावणेदोनशे वर्षांची, मूळची, एकदा काढून फेकली की गेली. म्हणून आधी मोजायलोय.

भंगारवाल्याकडं असतो तसला हुकाचा डिजिटल काटा घोड्याच्या शेपटीला अडकवून ओढला तर कधी २.३ किलो दाखवतो कधी २.९. कंधारच्या काकांकडं ब्यूमाँट-ॲडम्स आहे (नशीब, साधं ॲडम्स नाही, त्याच्या घोड्याला शेपटीच नसते, हुक कुठं अडकवला असता), त्यावर ३.४ आलं आणि त्याची एकपण कॅप चुकत नाही. मग आमची स्प्रिंग खरंच कमजोर धरायची का?

प्रतिसाद :
दादा, नुसत्या किलोवर दोन रिव्हॉल्वरांची तुलना होत नाही. घोडा ज्या खिळीवर फिरतो तिथून हुकापर्यंतचं अंतर मोजा आणि किलोला त्यानं गुणा, शेपटी लांब असली की काटा आपोआप कमी दाखवणार. काटा त्या रेघेला काटकोनातच ओढायचा, तिरका ओढला की आकडा फसवतो. आणि घर्षण असतं, त्यामुळं घोडा चढताना जास्त येतं, हळू सोडताना कमी, दोन्ही घेऊन मधला आकडा धरा. एकदा पूर्ण चढायच्या जरासं अलीकडं मोजा आणि एकदा निपलापासून नुसता उचलला तिथं, कारण बसलेली स्प्रिंग खरी उघडी पडते ती खालीच. कोल्टला रेमिंग्टनसारखा ताणाचा स्क्रू नसतो, पण मुठीच्या बुडाशी पट्टी धरणारा स्क्रू कसलेला आहे ना ते आधी बघा. सिलिंडर रिकामं, कॅपा दुसऱ्या खोलीत, आणि घोडा अंगठ्यानं सोडायचा, रिकाम्या निपलावर आपटायचा नाही.

धागाकर्ता :
रविवारी कंधारला जाऊन दोन्ही शेजारी ठेवून मोजले. वरच्या टोकाला कोल्ट २.६ किलो, अंतर ५० मिमी, म्हणजे १३०. काकांचं ॲडम्स ३.१, अंतर ४२, तेपण १३०! खाली कोल्ट १.८ म्हणजे ९० आणि ॲडम्स २.१ म्हणजे ८८. लई बरं वाटलं बघा. मग कॅपा का चुकायल्यात?

प्रतिसाद :
दुसऱ्या ठोक्याला वाजतात हे तुम्हीच लिहिलंय ना, त्यातच उत्तर आहे. कॅप निपलावर पूर्ण बसत नसणार, पहिला ठोका तिला खाली ढकलण्यातच जातो. निपलाचं तोंड ठोकून पसरलंय का भिंगातून बघा. जाड पट्टी टाकली तर ते अजून पसरेल आणि घोडा चढवून अडकतो त्या खाचा झिजतील ते वेगळंच.

धागाकर्ता :
बघितलं. दोन निपलांची तोंडं पसरलीत. पट्टीला हात लावू नका म्हणून कारागिराला आत्ताच फोन केला, तो म्हणला दोन निपल नवीन करून बसवतो. जुनी दोन डबीत जपून ठेवायलोय.